सावरखिंडीतलं वऱ्हाड आन केरबाचा सूर

ऐका. आदी त्यो बाजा बंद करा. अरं बंद म्हंजी बंद, बारीक न्हवं. हळद लागली, जेवनं झाली, आता नवऱ्या मुलीला जरा निजू द्या. आन तू रं, पेटीवाल्या, तारा गुंडाळत बसला हायस त्यो, तू बी हिकडं ये. तुज्या त्या डीजेच्या काळ्या पेट्यांनी सांजपासनं माजी कवळी थरथरतीया. बस खाली. भुताची गोष्ट पायजे म्हनताय न्हवं? मंग सांगते. पर मधी कुनी उटायचं न्हाई, आन आपल्या मागं कोन बसलंय त्ये वळून बगायचं न्हाई.

माजा बा म्हंजी केरबा घडशी. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्येला बगितला न्हाई. आमी घडशी, लग्नात सनई वाजवनारी मानसं. ह्या खोऱ्यातल्या पाच गावांचं वाजप आमच्या घरात, आज्या-पंज्यापासनं. तवा लगीन कानानं कळायचं. चुलीम्होरं बसल्या म्हातारीला कळायचं, की आता हळद लागली, आता नवरदेव मारुतीला निगाला, आता रुखवत आलं, आता लेक सासरला चालली. परत्येकाची चाल येगळी. लेकीच्या पाठवनीची चाल लागली की शेजारची बाई भाकरी थापता थापता रडायची, तिच्या घरचं लगीन नसलं तरी. आता काय, हळदीला बी त्येच आन वरातीला बी त्येच, धबाधबा. हसतोस काय पेटीवाल्या, तुलाच म्हनते.

सनई एकली नसती, ह्ये ध्यानात ठिवा. एकजन चाल वाजवतो. त्येच्या मागं दुसरा असतो, त्येनं निस्ता सूर धरायचा. एकच सूर, सकाळपासनं सांजपत्तुर. त्येच्या सनईची भोकं मेनानं बुजवल्याली, बोटं हलवायचं कामच न्हाई, एका हातानं धरली तरी भागतं. पर सूर तुटता कामा नये. मंग दम कवा घ्यायचा? तीच तर कला. गालात वारा साटवायचा, गालातला वारा भायेर ढकलत ऱ्हायचं आन त्येवड्यात नाकानं दम आत वढायचा. ऐकनाऱ्याला काय कळायचं न्हाई. माज्या आज्यानं बाला ह्ये कसं शिकिवलं सांगू? तांब्याभर पानी, त्यात पपईच्या देठाची नळी, आन फुक म्हनायचा. बुडबुडं थांबलं की पाठीत काठी. असं वरीसभर.

चाल थोरल्याला, सूर धाकल्याला, ही घरची रीत. चाल वाजवायचं आमचं थोरलं चुलतं, हैबतीतात्या. मान त्येंचा, शेला त्येंना, नाव त्येंचं. मागं सूर धरून हुबा ऱ्हायलाय त्यो गडी कोन, ह्ये वऱ्हाडात कुनी इचारायचं न्हाई. बाला चाल वाजवायची लई हौस. रानात बैलांम्होरं बसून गुपचूप वाजवायचा. तात्यांना कळलं तवा त्ये हसलं. म्हनलं, बैलांना आवडतंय न्हवं, मंग झालं की. तात्या वाईट नव्हतं बरं का. पर गर्व व्हता मानसाला.

तर ऐका. वैशाखातली गोष्ट. मी तवा आईच्या पोटात, नववा लागलेला. पिंपळोशीला गोरज मुहूर्तावर एक लगीन झालं. आन दुसऱ्या दिशी, दिस उगवायला, घाटेवाडीच्या वेशीवर नवरदेव येनार. नवरदेव आला की वाजंत्र्यानं सामोरं जायाचं, वाजवत वाजवत गावात आनायचं. त्याबिगर नवरदेव वेस वलांडायचा न्हाई. आन वाजंत्री त्या येळंला हजर नसला, की त्या गावात वाजवायचा मान गेला म्हना. कायमचा दुसऱ्याच्या घरात गेला. आमचा संबळवाला बाळकू, त्यो अक्षदा पडल्या पडल्या बैलगाडीत सामान घालून फुडं निगाला. दोगं भाऊ पाठवनीची चाल वाजवायला मागं ऱ्हायलं. नवरी लई रडली, पाठवनी लांबली, मध्यान रात झाली. आता गाडीवाटेनं चालत जायाचं तर सात कोस. सावरखिंडीतनं गेलं तर तीन.

सावरखिंडीचं नाव काडलं तशा पिंपळोशीच्या बायांनी कानावर हात ठिवलं. तितली गोष्ट समद्यांना ठावं. लई मागं, कुना एका गावाचं वऱ्हाड त्या खिंडीतनं चाललं व्हतं. वाटंत वळवानं गाठलं, येळ गेला, मुहूर्त टळाया लागला. भटजी म्हनला, हितंच लावू. खिंडीतच अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, शेवटचं सावधान म्हनलं, वाजंत्र्यांनी सनया ओटाला लावल्या, आन त्येवड्यात वरनं दरड आली. नवरा, नवरी, भटजी, वाजंत्री, समदं खाली, सनयांचा तर भुगा झाला. वाजप वाजलंच न्हाई. वाजलं न्हाई म्हंजी लगीन लागलं का ऱ्हायलं? कोन सांगनार? तवापासनं त्ये वऱ्हाड तितंच हुबं हाय, कुनीतरी वाजवील म्हनून.

म्हनून आमच्यात एक नेम व्हता. सावरखिंडीतनं घडश्यानं जायाचं झालं, दिसाउजेडी बी, तर सनईची पात काडून धोतराच्या सोग्यात बांदायची. पात म्हंजी सनईच्या तोंडाला असती ती, जिच्यात फुकायचं. पातच न्हाई तर सनई वाजनार कशी? खिंडीच्या तोंडाशी बानं आपली पात काडाया घेतली. तात्यांनी त्येला आडिवलं. म्हनलं, अरं आज पात काय जमून आलीया, असा आवाज वरसातनं एकदा लागतो. आता काडली तर वाळंल, सकाळी वेशीवर चिरकंल. माजी ऱ्हाऊ दे आन तुजी बी ऱ्हाऊ दे, दोनीचा मेळ बसलाय. बा म्हनला, दादा, नेम हाय. तात्या म्हनलं, नेम नवशिक्यांला. थोरल्याचा शबुद पडला, बानं पात तशीच ऱ्हाऊ दिली. गेलं दोगं आत.

खिंडीत शिरलं. वारा न्हाई, पान हालत न्हाई. थोडं फुडं गेलं तर हळदीचा वास. वली हळद, नुकती वाटल्याली. बानं तात्यांचा दंड धरला. आनि थोडं फुडं गेलं, तर कड्याच्या पायथ्याला दिवट्या. एक, दोन, धा, ईस. आन मंगलाष्टकं चालल्याली. बारीक आवाज, खोल विहिरीतनं आल्यागत. दोगांनी माना खाली घातल्या आन पाय उचललं. बगायचं न्हाई, बोलायचं न्हाई, सरळ जायाचं. एक कडवं झालं. शुभ मंगल सावधान. दुसरं झालं. सावधान. तिसरं. तात्यांचं पाय मंदावलं. चौतं. आन मंग शेवटचं कडवं लागलं.

आता तुमी सांगा. जल्मापासनं हजार लग्नं वाजिवली. शेवटचं कडवं लागलं की वाजंत्र्याचा हात आपसूक वर जातो, सनई ओटाला लागती. त्यात इचार न्हाई, त्यात भ्या न्हाई, त्ये हाताचं काम हाय. तिकडनं आलं, शुभ मंगल सावधान. आन हिकडं तात्यांनी दनकून सनई फुकली.

आन थोरल्यानं फुकली की धाकल्यानं सूर द्यायचा. बाचा बी सूर लागला. झालं. दुसरा कुनी वाटसरू असता, त्यो पळाला असता. ही दोगं वाजवाया लागली.

वरनं अक्षदा पडल्या. बा सांगायचा, तांदूळ न्हवं, बारीक खडी. दिवट्या हालल्या, वऱ्हाड हाललं. नवरदेवाच्या तोंडाला बाशिंग, आन बाशिंगाच्या मागं काय बी न्हाई. नुस्ता अंधार. वऱ्हाडाचा कारभारी फुडं आला. म्हातारा, डोईला ह्ये येवडं पागोटं, पावलं उलटी. त्यो तात्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हनला,

"लई वाट बगायला लावली, वाजंत्री. आता वरात निगंल. जवर वाजतंय तवर तुमी वाजंत्री. थांबलं की तुमी बी वऱ्हाडी."

निगाली वरात. फुडं ही दोगं वाजवत, मागं समदं वऱ्हाड. चालत्यात, चालत्यात, सावरीचं एक वाकडं झाड लागलं. फुडं गेलं. परत तीच सावर. परत फुडं. परत तीच. चकवा हो, दुसरं काय! त्या वरातीला गावच न्हाई तर ती पोचनार कुटं? जल्मभर फिरायची ती तितंच. आन चाल वाजवनाऱ्याला दम लागतो. चाल लांब, दम तुटनार, परत घ्यावा लागनार. तात्यांनी दम घेतला की वऱ्हाड एक पाऊल जवळ. परत दम, परत एक पाऊल. पाचव्या फेऱ्याला तात्यांची छाती भात्यावानी हालाया लागली. सातव्याला सनई हातातनं सुटली. गेली खाली.

तात्या हुबं ऱ्हायलं. डोळं पांढरं. अंग गार. आन वळलं की त्ये कड्याकडं, वऱ्हाडासंगं चालायला.

पर वऱ्हाड थांबलं. कारभारी थांबला. कानाला हात लावून ऐकाया लागला. कारन वाजप बंद झालंच नव्हतं. सूर चालू व्हता. एकच, सरळ, मधी भेग न्हाई. कारभारी म्हनला असंल, घील की दम. कवातरी घील. वाट बगितली त्येनं. बगा म्हनावं! माज्या आज्यानं काठीनं बडवून शिकिवल्याला सूर त्यो. बाच्या गालात वारा, नाकानं दम आत, आन सूर हाय तसा. मगाशी सांगितलं न्हवं, सूर एका हातानं धरता येतो? बानं एका हातानं सूर धरला, आन दुसऱ्या हातानं तात्यांचं मनगट. घट. सूर तुटला तर भाऊ गेला, ह्ये त्येला कळलं व्हतं. आन निगाला.

निगाला खरा, पर जायाचं कुटं? समद्या वाटा त्या सावरीशीच येत्यात. मंग बानं काय केलं ठावं हाय? डोळं मिटलं. जिकडं कडा असंल तिकडनं सूर परत येतो, आपटून. जिकडं मोकळं असंल तिकडनं परत येत न्हाई. बा ऐकत ऱ्हायला. सूर माघारी आला की वळायचा, गेला त्यो गेला की तिकडं पाऊल टाकायचा. डोळ्याला चकवा लागतो, सूर धरनाऱ्याच्या कानाला कसा लागंल? सावर मागं पडली. परत आली न्हाई.

मंग वऱ्हाडाला राग आला. ऐका आता.

मागनं हाळी आली. माज्या आईचा आवाज. हुबेहूब. म्हनती, अवो, कळा सुरू झाल्या, म्या एकलीच हाय, मागं बगा तरी. बाच्या डोळ्याला धार लागली. पर ओ द्यायची म्हंजी तोंड उघडायचं, आन तोंड उघडलं की सूर गेला. रडत चालला, वळला न्हाई. माजी आई घरात निवांत घोरत व्हती, ही येगळी गोष्ट.

मंग फुडं पोरं आली. मेल्याली पोरं, मुंडावळ्या बांदल्याल्या करवल्या, वाटंच्या दोनी अंगाला रांग लावून. आन चिंचा चोखाया लागली. हसू नगा! सनईवाल्याम्होरं चिंच चोखली की त्येच्या तोंडाला पानी सुटतं, पात भिजती, आवाज बसतो. तुमी बी लहानपनी केलंय, मला ठावं हाय. पर तुमी एक बुटुक घिऊन बसायचा. हितं शंभर तोंडं. मचामचा. लिंबं कापल्याली, रस गळतोय, बाच्या नाकाखाली धरत्यात. बाच्या तोंडाला झरा लागला. सूर गुळगुळाया लागला, आता बुडतोय का मंग बुडतोय. बानं लाज सोडली. ओटाच्या कोपऱ्यातनं लाळ सोडून दिली. हनवटीवरनं, गळ्यावरनं, सदरा चिंब. नव्या नवरीवानी नटून लग्नाला निगालेला गडी, तान्ह्या पोरागत लाळ गाळत चालला. पर पात चिंब झाली न्हाई. सूर निगाला सरळ.

खिंडीचं तोंड दिसाया लागलं. आबाळ जरासं पांढरं झाल्यालं. तवा कारभारी म्हातारा फुडं येऊन हुबा ऱ्हायला. रागानं न्हवं, लई गोडीनं. त्येच्या हातात तात्यांची सनई. त्येनं ती बाम्होरं धरली आन म्हनला,

"जल्मभर एकच सूर धरलास. कुनी तुजं नाव तरी इचारलं का? आमी इचारतो. ही घे, केरबा. चाल वाजव. आख्खं वऱ्हाड तुजी चाल ऐकंल."

सनई तीच, पात जमल्याली. बानं तिच्याकडं बगितलं. खोटं कशाला बोलू, त्यो सोता सांगायचा, मन गेलं व्हतं माजं. दोनी हात लागत्यात चाल वाजवायला. तात्यांच्या मनगटावरची बोटं ढिली झाली. तात्या एक पाऊल मागं सरकलं, वऱ्हाडाकडं. आन त्या पावलाचा आवाज बाच्या कानात शिरला. तवा त्येच्या ध्यानात आलं, की सूर सोडला तर चाल ठिवायची कशावर? आन ऐकवायची कुनाला? दादा जाईल आन म्या ह्या मेल्यांना चाल ऐकवू? बानं मनगट असं आवळलं, की त्येचं वळ तात्यांच्या हातावर मरस्तवर व्हतं. आन कारभाऱ्याच्या अंगातनं, व्हय, अंगातनं, आरपार गेला फुडं.

तिकडं घाटेवाडीच्या वेशीवर बाळकू संबळवाला रातभर जागा. त्येला खिंडीकडनं एकला सूर येताना ऐकू आला. चाल न्हाई, नुस्ता सूर. बाळकू म्हनला, ह्यो केरबा हाय, आन कायतरी इपरीत झालंय. त्येनं संबळ गळ्यात घातला आन सुराच्या रोखानं वाजवत पळत सुटला. त्येच्या मागं गाव उटला. बाया आरतीची ताटं घिऊन, बाप्ये दिवट्या घिऊन. वेशीच्या दगडापाशी संबळ आन सूर एक झालं. बाळकूनं भाकरतुकडा मागवून दोगांवरनं ववाळून टाकला. तिकडं कोंबडा आरवला. मागं बगितलं तर खिंडीच्या तोंडाशी दिवट्या एक एक करून इझत गेल्या.

तवा बानं सूर सोडला. आन तात्यांनी दम घेतला, बुडता मानूस वर येऊन घेतो तसा. डोळं जाग्यावर आलं. समदं ऐकलं त्येंनी बाळकूकडनं, बाकडनं. धाकल्या भावाच्या लाळंनं भिजल्याल्या सदऱ्याला हात लावून बसलं.

आन थोड्या येळात नवरदेव आला! हां, आता खरं ऐका. वेशीवर पाटलांनी रीतीपरमानं शेला काडला, हैबती घडश्याच्या खांद्यावर टाकला. तात्यांनी त्यो शेला आपल्या हातानं केरबाच्या डोईला बांदला. आख्ख्या गावाम्होरं. गाडीतल्या सामानात एक जादाची सनई व्हती, ती बाच्या हातात दिली. आन म्हनलं,

"आज चाल माजा भाऊ वाजवील. सूर मी धरतो."

बा नको नको म्हनाया लागला. तात्या ऐकनात. बानं वाजिवली. बैलांम्होरं वाजिवल्याली चाल, वरसानुवरसं मनात घोळवल्याली. त्या गावातली म्हातारी मानसं सांगायची, तशी सनई त्या वेशीवर परत झाली न्हाई. नवरदेवाचं घोडं सुद्दा गप हुबं ऱ्हायलं. आन तात्या मागं सूर धरून. धा पावलं गेली आन तात्यांचा सूर तुटला. परत धरला, परत तुटला. गाल फुगत्यात, डोळं भायेर, खोकला लागला. येवडा नामी सनईवाला, पर मारुतीच्या देवळापत्तुर त्येला सूर नेता आला न्हाई. लोकं हसली. तात्या बी हसलं, पोट धरून हसलं. आन मंग वाटंतच थांबून, समद्यांम्होरं, धाकल्या भावाच्या पायाला त्येंनी हात लावला. थोरल्यानं धाकल्याच्या. असं आमच्यात कवा झालं नव्हतं. त्या दिसापासनं घडश्यांच्या घरात शेलं दोन आलं, एक चालीला आन एक सुराला. कुनी एकच आनला तर तात्या वाजवायचं न्हाईत.

तर अशी गोष्ट. झोपा आता. आन पेटीवाल्या, तू बी नीट ऐक. सावरखिंडीतनं आता डांबरी झालीया, गाड्या सुसाट जात्यात. पर रातच्याला तिकडनं जाऊ नगा. मंगलाष्टकं कानावर आली तर हात हॉर्नवर जातोच, मानसाचा हात कुनाच्या बाचं ऐकतोय? आदी त्या वऱ्हाडापाशी सनई नव्हती. आता हाय, तात्यांची. उचलायला परत कोन गेलंच न्हाई. त्येंना आता वाजवनारा तेवडा पायजे. मी केरबा घडश्याची लेक, त्या खिंडीतनं जित्या आल्याल्या मानसाची. तरी बी रातचं घाटेवाडीला जायाचं झालं, तर मी सात कोसांचा वळसा घालून जाते.